बावीस गोळ्या

शुक्रवार, १२ सप्टेंबर १९९७

ही डायरी जानेवारीत एका सप्लायरनं भेट दिली होती. आठ महिने कोरीच पडली. आज उघडली, कारण मनातलं हेमाला सांगावं तर ती माझ्या दुप्पट घाबरते, आणि ऑफिसात सांगावं असं कुणी नाही.

बाबांचं पत्र आलं. परतवाड्याला आमच्या घरापासून तिसऱ्या बंगल्यात दरोडा पडला. देशकर नवरा-बायकोला खुर्च्यांना बांधून घर धुऊन नेलं. देशकरांचा हात मोडला. हे सगळं बाबांनी चार ओळींत लिहिलंय आणि पुढे पानभर सीताफळांबद्दल. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे, आई डिसेंबरात गेल्यापासून एकटे. ठकुबाई सकाळ-संध्याकाळ येते, स्वयंपाक करते, जाते. तिला एका कानानं ऐकू येत नाही. आणि त्यांचा एकुलता एक मुलगा दुबईत, करामातल्या फ्लॅटमध्ये एसी लावून बसलाय.

एक दिलासा आहे. बाबा वनखात्यात रेंज ऑफिसर होते तेव्हा सागवानचोरांच्या धाकानं त्यांनी लायसन्स काढून रिव्हॉल्व्हर घेतलं होतं. माणसावर कधी झाडलं नाही. एकदा रानडुकरावर झाडलं, तेही चुकलं. आई ते कपाटात साड्यांखाली ठेवायची.

दर शुक्रवारी सकाळी नऊला मी फोन लावतो. आज डायल करण्याआधी हेमानं हात धरला. "अहो, फोनवर ते शब्द नकोत. इथे सगळं ऐकतात म्हणे." कोण ऐकतं, कधी ऐकतं, कुणाला माहीत नाही, पण आपल्या लोकांत सगळेच असं म्हणतात. उगाच विषाची परीक्षा कशाला? मी जपून बोललो.

"बाबा, ती वस्तू जागेवर आहे ना?"

"कुठली वस्तू?"

"अहो ती. जंगलातली."

"हां, ती होय. तिची काळजी नको. ती नीट जागेवर आहे."

"आणि गोळ्या? गोळ्या किती आहेत?"

"बरं झालं तूच विचारलंस. बावीस उरल्या. रोज एक जाते."

"रोज एक?"

"रोज सकाळी. चहाच्या आधी."

मी चाटच पडलो. म्हातारा रोज सकाळी मागच्या नाल्यावर जाऊन सराव करतोय! आई असती तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. फार बरं वाटलं, खरं सांगायचं तर. पण बावीस गोळ्या बावीस दिवसांत संपणार. मी म्हटलं, "बाबा, रोज एक म्हणजे जास्त होतं. अर्ध्यावर आणा."

"अर्ध्यावर? चालेल का?"

"न चालायला काय झालं?"

"बरं. तू म्हणतोस तर."

"आणि नव्या मी सांगेपर्यंत घेऊ नका. कुठल्याही घेऊन चालत नाही. मी इथे चौकशी करतो आणि नीट बघून सांगतो."

"हो हो. तूच बघ. मला यातलं काय कळतं?"

बारा मिनिटं बोललो. ब्याण्णव दिरहम झाले, म्हणजे नऊशे रुपये. जाऊ देत.

सोमवार, १५ सप्टेंबर

मी परचेस ऑफिसर आहे. नटबोल्टसुद्धा तीन कोटेशन्सशिवाय घेत नाही. मग बाबांच्या जिवाची वस्तू तशीच कशी घेऊ?

आमच्या वेअरहाउसचा वॉचमन लियाकत पूर्वी पाकिस्तानच्या फौजेत हवालदार होता. दुपारी त्याच्या केबिनमध्ये चहा घेत सहज विषय काढल्यासारखं केलं. त्याच्या लगेच लक्षात आलं. म्हणाला, "किसके लिए, साब?" मी म्हटलं, फादर के लिए, इंडिया में. तेव्हा त्यानं केबिनचं दार लोटून घेतलं.

त्यानं सांगितलेलं जसं आठवतं तसं लिहून ठेवतो. गोळी मुख्यतः दोन तऱ्हांची. साधी शिशाची, गोल टोकाची: ती सरळ आरपार जाते, कधी माणसातून निघून मागच्या भिंतीतही. दुसरी टोकाला पोकळ: ती आत जाऊन उमलते, तिथेच थांबते, मागच्या माणसाला धोका कमी. पण पोकळ टोकाची आपल्याकडे साध्या लायसन्सवर सुखासुखी मिळेल असं त्याला वाटत नाही. आणि जोरदार गोळी म्हणजे हाताला जोरदार धक्का.

मी विचारलं, गोळ्यांना एक्सपायरी असते का? बाबांच्या निदान वीस वर्षांच्या असतील.

"एक्सपायरी नहीं, पर नमी खा जाती है. आधी चलेंगी, आधी फुस्स." मग कपात बघत म्हणाला, "साब, गोली वो अच्छी जो वक्त पे काम आए. बाकी सब किताब की बातें. आप वालिद साहब को अपने पास क्यों नहीं बुला लेते?"

पंच्याण्णवच्या हिवाळ्यात आईबाबा दोन महिने आले होते. दुसऱ्याच आठवड्यात बाबांच्या छातीत दुखलं, इथल्याच ऊद मेथा भागातल्या एका डॉक्टरांकडे नेलं, औषध सुरू झालं आणि बाबांनी परत जायचा धोशा लावला. म्हणे इथे झाडंसुद्धा नळीनं पाणी पितात. हे लियाकतला कुठे सांगत बसू?

शुक्रवार, १९ सप्टेंबर

आज बाबाच गोळ्यांवर आले. "आजपासून अर्ध्यावर आणल्या मी. पण त्या तिकडूनच पाठवता आल्या तर बरं होईल, सुजीत. तिकडच्याच लागू पडतात."

 हेमा एक्स्टेन्शनवर ऐकत होती, तिनं तोंडाला पदर लावला. मी जरा ओरडूनच बोललो. "बाबा, भलतंच काय! इथून गोळ्या पाठवल्या तर विमानतळावर पकडतील. जेलमध्ये टाकतील मला. नोकरी जाईल, शुभ्राची शाळा जाईल."

"गोळ्यांसाठी जेल?"

"हो! फोनवर परत हे बोलू नका."

 मग म्हणाले, "नको रे बाबा. मला ठाऊक नव्हतं. तू अजिबात काळजी करू नकोस, मी भागवतो."

मग सीताफळांचं बोलले. म्हणाले, यंदा डोळे लवकर उघडलेत.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

हेमा सकाळी म्हणाली, "बाबांचं बीपीचं औषध मार्चमध्ये पाठवलं होतं, सहा महिन्यांचं. आई असताना त्या आठवण करायच्या. विचारा ना." औषधपाणी हे हेमाचं खातं, माझं नव्हे, पण विचारलं.

"औषध घेता ना बाबा वेळेवर?"

"औषध घेतो की. ठकुबाई काढून ठेवते, अडुळशाचं. खोकला बराच बरा आहे. गोळ्यांचीच तेवढी पंचाईत आहे."

"ते मी बघतोय. तुम्ही कुठल्याही घेऊ नका, आधी माझा फोन येऊ द्या."

"नाही घेत. दुकानदार दुसऱ्या कंपनीच्या देत होता. मी म्हटलं, मुलगा सांगेल त्याच."

शाबास. हेमाला सांगितलं, औषध नियमित चालू आहे.

गुरुवार, २ ऑक्टोबर

आमच्या अकाउंट्समधला संजय उद्या सुट्टीवर अमरावतीला चाललाय. परतवाडा तिथून बसनं तासा-दीड तासावर, तो जाऊन येतो म्हणाला. हेमानं विचारलं, औषधाचं पार्सल द्यायचं का? मी म्हटलं, औषध आहे म्हणाले ना ते. उगाच संजयला ओझं. बदाम, खजूर आणि एक स्वेटर दिला.

शुभ्रा अकरा वर्षांची आहे. तीन शुक्रवार तिनं आमचं बोलणं ऐकलंय. आज शाळेतून आली आणि कपाटातला तिचा टॉफीचा डबा संजयच्या पिशवीत ठेवायला लागली. मी म्हटलं, हे काय?

"बाबा, आजोबा कीप्स आस्किंग फॉर गोळ्या. यू नेव्हर सेंड हिम एनी."

हेमा आणि मी पोट धरून हसलो. कितीतरी दिवसांनी हसलो. डबा पाठवून दिला.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

गेल्या शुक्रवारी बाबांना सांगून ठेवलं होतं की संजय येतोय आणि शुभ्रानं तुमच्यासाठी गोळ्या पाठवल्यात, गंमत आहे. आज विचारलं, मिळाल्या का?

"मिळाल्या. मी सकाळपासून स्टॅंडवरच जाऊन बसलो होतो, त्या मुलाची चुकामूक नको म्हणून."

"आवडल्या का?"

"गोड आहेत," म्हणाले. आणि मग काही बोललेच नाहीत. एरवी माझ्याआधी बोलणारा माणूस. मला वाटलं लाइन तुटली. नातीच्या आठवणीनं भरून आलं असणार. आई गेल्यापासून जरा हळवेच झालेत.

"त्या किती उरल्या?"

"पाच. एक दिवसाआड करतोय आता."

मंगळवार, १४ ऑक्टोबर

कम्पॅरेटिव्ह स्टेटमेंट तयार केलं. ऑफिसच्या फॉर्मवर, पण सप्लायरच्या जागी काही न लिहिता. रकाने: आरपार जाण्याचा धोका, हाताला धक्का, दमट हवेत टिकणं, परतवाड्याच्या आसपास मिळणं. हेमा वाचून म्हणाली, "तुम्ही बाबांसाठी गोळ्या निवडताय की पंप?" मी म्हटलं, माझ्याजवळ प्रेम करायची हीच एक पद्धत आहे. रागानं म्हणालो, पण खरंच म्हणालो. आई आजारी होती तेव्हा मी तिला इथून व्हीलचेअर निवडून पाठवली होती, सगळ्यात हलकी, सगळ्यात मजबूत. ती पोचली तेव्हा आईला उचलून न्यायची वेळ झाली होती. मी पोचलो तिसऱ्या दिवशी, आणि दहावा उरकून परत, कारण रजा संपली होती.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

बाबांचा आवाज खोल गेलाय. हात थरथरतात म्हणाले. जिना चढताना मध्ये बसावं लागतं. मी म्हटलं, डॉक्टरांकडे जा. म्हणाले, "जाईन. दिवाळी होऊ दे."

हात थरथरत असेल तर जोरदार गोळी उपयोगाची नाही, धक्क्यानं नेम जाईल, मनगट दुखावेल. हा मुद्दा माझ्या स्टेटमेंटमध्ये आला नव्हता. सगळं परत मांडायला हवं. लियाकतला विचारलं. तो म्हणाला, "साब, जिसका हाथ काँपता है उसको गोली नहीं, आदमी चाहिए."

शहाणा आहे. त्याचे स्वतःचे अब्बा पाकिस्तानात कोहाटला एकटेच आहेत.

गुरुवार, ३० ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

पूजा झाल्यावर फोन लावला. शुभ्रा "हॅपी दिवाली, आजोबा" म्हणाली, हेमानं नमस्कार सांगितला. मग मी रिसीव्हर घेतला. बाबांना धाप लागत होती. एकेक शब्द तोडून बोलत होते.

"सुजीत, एकच उरलीय."

"एकच?"

"ठेवून दिलीय. काडेपेटीत घालून उशाशी ठेवलीय. म्हटलं, अगदीच सहन होईना तेव्हा घेऊ. एकदाची."

 फोनवर काय बोलायचं, काय नाही, सगळं विसरलो. घरात एकटा माणूस, बायको गेलेली, सणाचा दिवस, आणि उशाशी एक गोळी. वयाची चाळीस वर्षं बाबांना ओळखतो, असं ते कधी बोलले नव्हते.

"बाबा, तिला हात लावायचा नाही."

"अरे पण..."

"माझी शपथ आहे तुम्हाला. माझी आणि शुभ्राची. काय वाटेल ते होऊ दे, किती का त्रास होईना, त्या गोळीला हात लावायचा नाही. म्हणा, नाही लावणार."

"शपथ कशाला घालतोस पोरा?"

"म्हणा."

"नाही लावणार," बाबा म्हणाले. मग जरा थांबून, "तू रडू नकोस. सणासुदीचं."

फोन ठेवला तर शुभ्रा दारात उभी. "व्हॉट हॅपन्ड टु आजोबा?" तिला काय सांगू? सांगितलं की आजोबांना आजीची आठवण येतेय.

शनिवार, १ नोव्हेंबर

मॅनेजरच्या पुढ्यात जाऊन बसलो. इमर्जन्सी लीव्ह मागितली. तो म्हणाला, "इन्शाल्ला, आफ्टर स्टॉक टेकिंग." मी म्हटलं, मेरा बाप मर जाएगा. आयुष्यात पहिल्यांदा वरच्या माणसाशी आवाज चढवला. सहा तारखेपासून दहा दिवस मिळाले. तिकीट काढलं.

मन थोडं थाऱ्यावर आलंय. गेल्या गेल्या ती वस्तू आणि ती काडेपेटी दोन्ही ताब्यात घ्यायची. बाबांना इकडे आणायचं, त्यांनी कितीही झाडांचं सांगितलं तरी. चुकलंच माझं. ज्या माणसाला सोबत हवी होती त्याला मी सात आठवडे गोळ्यांबद्दल विचारत बसलो.

पण हातचं काम अर्धवट ठेवायची सवय नाही, म्हणून निर्णय लिहून ठेवला: साधी शिशाची, गोल टोकाची, आपल्या सरकारी कारखान्याची, कमी धक्क्याची. आता कुणालाच नकोय.

बुधवार, ५ नोव्हेंबर

सकाळी देशकरांचा फोन आला. बाबा काल दुपारी गेले. त्यांच्या तोंडून गोळीचा शब्द येईल म्हणून मी श्वास धरून होतो. ते म्हणाले, हार्ट. मी सुटकेचा श्वास टाकला. देवा, मी सुटकेचा श्वास टाकला.

रविवार, ९ नोव्हेंबर, परतवाडा

लिहायचं आहे. लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

आल्या दिवशी आधी कपाट उघडलं. साड्या तशाच होत्या. खाली रिव्हॉल्व्हर नव्हतं. एक पावती होती, पोलीस ठाण्याची, रिव्हॉल्व्हर आणि शिल्लक काडतुसं जमा केल्याची. तारीख गेल्या डिसेंबरातली, आईच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवसाची. तेव्हा मी दुबईत परत कामावर होतो.

ठकुबाईला विचारलं. ती भांडी घासता घासता थांबली. "बाई गेल्या तवाच साहेबानं देऊन टाकली नं ते. म्हने, एकट्या मानसाच्या घरात हे वस्तू बरी नाही, ठकुबाई. कवा मन फिरंल सांगता येत नाही."

म्हणजे बाबांनी तो धोका अकरा महिन्यांपूर्वीच ओळखला होता, आणि स्वतःच निस्तरला होता. ती नीट जागेवर आहे, असं ते मला म्हणाले होते. खोटं नव्हतं.

मग गोळ्या कसल्या?

हा प्रश्न मी मोठ्यानं विचारला. ठकुबाईनं हात पुसले आणि बाबांच्या उशाशी असलेला शुभ्राचा टॉफीचा डबा आणून दिला. टॉफ्या सगळ्या तशाच होत्या. वरती औषधाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, रबर लावून एकत्र ठेवलेली. ऊद मेथाच्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या, हेमा दर सहा महिन्यांनी पाठवायची त्या. सोबत आईचा जुना अडकित्ता. त्याच्या पात्यावर पांढरी भुकटी होती.

"अर्ध्या करून घेत होते," ठकुबाई म्हणाली. "म्या म्हनलं, दुकानातून आना नं दुसऱ्या. तं म्हने, सुजीतनं सांगतलं, तो सांगीन तव्हाच घ्यायच्या. अन् तिकडून धाडल्या तं त्याले जेल होते."

डब्याच्या तळाशी काडेपेटी. आत एक गोळी. पांढरी, मधे रेघ असलेली. अख्खी.

"मंगळवारी छातीत लय दुखू लागलं. म्या काडेपेटी हातात देली. म्हनलं, घ्या नं साहेब, आता नाही तं कवा? त्याईनं काडेपेटी उघडली, पाह्यलं, अन् बंद करून माह्याच हातात देली. म्हने, पोरानं शपथ घातली हाये. लेकीची बी घातली." ती पदरानं डोळे पुसायला लागली. "कायची शपथ घातली होती जी तुम्ही?"

 मी ओसरीत जाऊन बसलो. समोर सीताफळाच्या झाडावर फळं पिकून फुटली होती, पोपट खात होते. हाकलायला कुणी नव्हतं.

संध्याकाळी गावातल्या डॉक्टरांना भेटलो. भला माणूस. म्हणाले, त्या दिवशी एका गोळीनं काही झालं नसतं. मी विचारलं, आणि रोज एक मिळाली असती तर? त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मला चहा विचारला.

सोमवार, १७ नोव्हेंबर, दुबई

काल आलो. हेमाला घरी पोचल्यावर सगळं सांगितलं. ती फोनजवळ जाऊन उभी राहिली. मी नको म्हणत असताना तिनंच औषधाचं दोनदा विचारलं होतं. ती हे कधी बोलून दाखवणार नाही, आणि तेच मला जड जाणार आहे.

शुभ्रानं विचारलं, आजोबांना टॉफीज आवडल्या का? मी हो म्हटलं. ती म्हणाली, "देन व्हाय आर यू क्रायिंग, बाबा?"

एक गोष्ट लिहायची राहिली. इथल्या एअरपोर्टवर माझी बॅग बाजूला घेतली. कस्टमचा पोरगेलासा अधिकारी होता. त्यानं कपडे बाजूला केले, बाबांचा चष्मा बघितला, पावती बघितली, मग काडेपेटी हातात घेऊन हलवली. आत खडखड झालं. त्यानं उघडली.

"व्हॉट इज धिस?"

"गोळी," मी म्हणालो. मग म्हणालो, "टॅब्लेट. माय फादर्स."

वाटलं, आता घेऊन जा मला. कुठेही टाका. मी दोन्ही हात काउंटरवर ठेवून उभा राहिलो.

त्यानं गोळी उलटीसुलटी करून पाहिली, परत आत ठेवली, काडेपेटी नीट बंद केली आणि माझ्या हातात दिली.

"ओन्ली वन? नो प्रॉब्लेम, हबीबी. यल्ला, गो."